डबाबंद फळाची गोष्ट



पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. या रस्त्यानं कोकणचा आंबा मुंबईला येतो. जे विकलं जात नाही ते आपल्या आयाबायांनी ऊन आणि मीठ यांवर टिकवलं: आंबोशी, आमसुलं, खारातल्या कैऱ्या.

डबाबंद फळाची युक्ती मात्र फ्रान्सची. तिथल्या निकोला अपेर या मिठाईवाल्यानं बाटल्यांत अन्न भरलं, बूच घट्ट मारलं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० साली सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच साली इंग्लंडात पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. अन्न का टिकतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू अन्न नासवतात, हे १८६० च्या सुमारास लुई पाश्चरनं दाखवून दिलं.

यातून आपण काय घ्यायचं? आंबा झेल्यानं, देठासकट उतरवा. आपटू नका, सावलीत एकेरी पसरा. ठेचलेल्या सालीतून जंतू शिरतात. तसलं फळ डब्यात नको.

आंबट फळ उकळत्या पाण्यानं टिकतं, म्हणून गोड आमरसात लिंबाचं सत घालतात. पण गवार, घेवडा, भेंडी यांत आंबटपणा नाही. तिथं एका विषारी जंतूचं बीज उकळूनही मरत नाही. त्याला वाफेच्या दाबाखाली १२१ अंश उष्णता लागते. म्हणून या भाज्या घरी डबाबंद करू नका, कडक उन्हात वाळवा.

आणि डबा फुगला, तर चाखून बघू नका, गुरांनाही घालू नका.