सोनं: औषध की हमाल?

सोन्याची गोष्ट सांगायची आहे, पण तिच्यात सोनं उशिरा येतं. आधी न्यूयॉर्कला जाऊ.

साल १८९१. विल्यम कोली नावाचा तरुण शल्यविशारद. हाडाच्या कर्करोगाने एक कोवळी मुलगी त्याच्या हातून गेली आणि तो अस्वस्थ होऊन रुग्णालयाची जुनी दप्तरं चाळू लागला. तिथे एक नोंद सापडली: गाठ कापावी, ती पुन्हा वाढावी, असं चाललेल्या एका रुग्णाला विसर्प झाला, सणकून ताप भरला, आणि गाठच विरून गेली! कोलीने मग मुद्दाम जिवाणू टोचायला सुरुवात केली. पुढे मेलेले जिवाणू. काही रोगी खरोखर बरे झाले. का झाले, हे मात्र त्याला सांगता येईना. क्ष-किरणांच्या उपचारापुढे त्याची पद्धत मागे पडली.

त्या ‘का’चं थोडं उत्तर मिळालं १९७५ साली. एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांना उंदरांच्या रक्तात गाठ मारणारा एक पदार्थ दिसला. तो जिवाणूंचा नव्हे, शरीराच्याच प्रतिकारपेशींचा. नाव पडलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. पण माणसाला तो शिरेतून दिला की रक्तदाब कोसळे. गाठीला पुरेल एवढी मात्रा माणसाला सोसवत नव्हती. म्हणजे प्रश्न औषधाचा उरला नव्हता, पोचवण्याचा होता.

इथे सोनं येतं. सुमारे २७ नॅनोमीटरचे सोन्याचे कण, त्यांवर टीएनएफ, आणि यकृत-प्लीहेने ते वाटेतच अडवू नयेत म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पांघरूण. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून कण आत झिरपावेत ही अपेक्षा. इतकं बारीक सोनं पिवळं नसतं बरं का, माणकासारखं लाल दिसतं. फॅरडेने १८५७ मध्ये केलेली तशी द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत. आमचा तर्कसंग्रह सोन्याला पृथ्वीत न घालता तेजात घालतो, त्याची इथे गंमत वाटते. गंमतच, पुरावा नव्हे.

आता हटकून विचारलं जातं, ‘म्हणजे हे आपलं सुवर्णभस्मच की!’ नाही. भस्मात सोनं हेच औषध मानलेलं आहे. इथे सोनं हमाल आहे, औषध त्याच्या पाठीवर. कण बारीक आहेत एवढ्या साम्यावर दोन्ही एक ठरवणं हा सरळसरळ हेत्वाभास आहे, आणि त्याच्या भरवशावर कुणी चालू उपचार सोडला तर त्याची किंमत रोगी मोजतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. नुसता टीएनएफ जेवढा सोसवत नसे, त्याहून जास्त मात्रा या वाटेने सोसली गेली. गाठींच्या तुकड्यांत सोन्याचे कणही दिसले. मात्र गाठी आटल्याचं चित्र फारसं नव्हतं, आणि ते औषध अजून बाजारात आलेलं नाही.