फिरत्या तबकडीखालचा कंप : एका तांत्रिक प्रश्नाचा इतिहास

१

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा पेटंटे, कारखान्यांचे कागद आणि वस्तुसंग्रहालयांतील नमुने यांच्या आधारे चालतो. या साधनांवरून यंत्र कसे घडले हे कळते. ते कशावर ठेवले गेले हे क्वचितच कळते. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या बाबीशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः न्यूयॉर्क शहरात, ध्वनिमुद्रित तबकड्या वाजवून समुदायाला नाचविणारा डीजे हा एक स्वतंत्र कलावंत म्हणून उदयास आला. त्याच्या टर्नटेबलाला खालून पोचणारा कंप कसा आवरावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि त्याचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, या प्रश्नाचे जे उत्तर अखेरीस रूढ झाले त्याचा अर्धा भागच कारखान्यात तयार झाला होता. उरलेला अर्धा भाग यंत्र चालविणाऱ्यांनी, यंत्र जेथे चालले त्या जागीच रचला. पहिल्या अर्ध्याची नोंद सर्वत्र सापडते. दुसरा अर्धा भाग विस्मृतीत जाण्याच्या मार्गावर आहे.

२

प्रथम हा प्रश्न निर्माण केव्हा झाला ते पाहू. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मधला. बर्लिनरच्या सपाट तबकडीचे पेटंट १८८७ मधले. चावीच्या ग्रामोफोनात सुईचा कंप थेट पडद्याकडे आणि तेथून कर्ण्याकडे जाई. सुईवरचा भार शंभर ग्रॅमांहून अधिक असे, खाच रुंद असे आणि ध्वनी वाढविणारे विद्युत्साधन मध्ये नसे. बाहेरून आलेला लहानसा धक्का अशा यंत्राला जाणवतही नसे. १९२५ पासून विद्युत्ध्वनिमुद्रण रूढ झाले, पुढे घरगुती यंत्रांतही विद्युत्वर्धन आले, आणि परिस्थिती मुळातूनच पालटली. सुईला जे जे जाणवेल ते ते वाढवून ऐकविले जाऊ लागले. मग ते खाचेतले संगीत असो वा मोटारीची घरघर.

यानंतरच्या तीन घटनांनी हा प्रश्न तीव्र केला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. तिची खाच अत्यंत सूक्ष्म होती, आणि तीत चालणाऱ्या सुईवरचा भार पुढील काळात दोन-तीन ग्रॅमांपर्यंत खाली आला. दुसरी घटना १९५४ ची. त्या वर्षी अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाने मुद्रण व पुनरुत्पादन यांसाठी एक समान प्रमाण स्वीकारले. त्यानुसार मुद्रणाच्या वेळी खर्जाचे स्वर दाबले जातात आणि वाजविताना ते पुन्हा उचलले जातात. दर सेकंदास ५० आवर्तनांच्या आसपासचा ध्वनी दर सेकंदास १००० आवर्तनांच्या ध्वनीच्या तुलनेने सुमारे सातपट वाढविला जातो. संगीताच्या दृष्टीने ही तूट भरून काढणे होय. परंतु जो कंप मुद्रणात नव्हताच, केवळ टेबलावरून सुईत शिरला, तोही त्याच प्रमाणात वाढतो. तिसरी घटना म्हणजे १९५७-५८ मध्ये आलेली द्विमार्गी तबकडी. एकमार्गी तबकडीत सुईच्या आडव्या हालचालीलाच अर्थ होता. द्विमार्गी तबकडीत खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरलेले असल्यामुळे उभी हालचालही ध्वनी बनू लागली. जमिनीतून येणारा धक्का मुख्यतः उभ्या दिशेचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व ध्यानी येईल.

३

घरगुती श्रोत्यासाठी या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. पहिले उत्तर वजनाचे. इंग्लंडमधील गॅरार्ड कंपनीचे १९५४ चे ३०१ हे यंत्र या परंपरेचे चांगले उदाहरण होय. त्यात मोटारीची गती रबरी चाकाच्या द्वारे थाळीच्या कडेला दिली जाई. मोटारीचा कंप थाळीपर्यंत येण्याची वाट या रचनेत मोकळीच राही. म्हणून जड थाळी आणि भक्कम लाकडी बैठक यांच्या बळावर तो दडपावा लागे.

दुसरे उत्तर मृदू आधाराचे. १९६१ मध्ये अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीसाठी एडगर व्हिल्चर यांनी जे टर्नटेबल आणले, त्यात थाळी आणि सुईची भुजा ही दोन्ही एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली होती. मोटार बाहेरच्या चौकटीवर राहिली आणि गती रबरी पट्ट्याने दिली गेली. थाळी व भुजा एकत्रच हलत असल्यामुळे बाहेरच्या धक्क्याने सुई आणि खाच यांचे परस्परांशी नाते बिघडत नसे. थॉरेन्स या स्विस कंपनीने १९६५ च्या टीडी १५० या यंत्रात हेच तत्त्व स्वीकारले, आणि पुढील काळात जाणकार श्रोत्यांमध्ये ते जवळजवळ सिद्धांताच्या पदवीस पोचले.

या तत्त्वामागील गणित थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते. वजनामुळे स्प्रिंग १ सेंटिमीटर दबली तर ती कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे ५ आवर्तने इतकी येते, २.५ सेंटिमीटर दबली तर सुमारे ३. बाहेरचा कंप या संख्येच्या साधारण दीडपटीपेक्षा जलद असेल तरच स्प्रिंग त्याला अडविते, आणि तो जितका अधिक जलद तितके हे अडविणे अधिक प्रभावी ठरते. उलटपक्षी, बाहेरचा कंप स्वाभाविक कंपनसंख्येच्या जवळपास असेल तर स्प्रिंग त्याला अडविण्याऐवजी वाढविते. घराच्या शांत खोलीत हा दुसरा धोका क्वचितच संभवतो. नृत्यगृहात मात्र तो दर रात्रीचा होता.

४

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो याने एका तबकडीचा ताल दुसरीच्या तालाशी जुळवून संगीत अखंड ठेवण्याची पद्धत रूढ केली. थाळी फिरत असताना तबकडी बोटाने रोखून धरणे आणि नेमक्या क्षणी सोडणे हे या पद्धतीचे अंग होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क याने केलेला समारंभ हिपहॉपचा आरंभ म्हणून ओळखला जातो. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन यंत्रांवर पुनःपुन्हा वाजविणे ही त्याची पद्धत होती. तिला काटेकोर स्वरूप देणाऱ्या ग्रँडमास्टर फ्लॅशने थाळी व तबकडी यांच्यामध्ये स्टार्चने कडक केलेली फेल्टची चकती घातली, जेणेकरून हाताखाली तबकडी सहज सरकावी. ग्रँड विझर्ड थिओडोर याने १९७५ च्या सुमारास तबकडी मागेपुढे घासून ध्वनी काढण्याचे तंत्र शोधले.

या सर्व प्रकारांत टर्नटेबल हे ऐकण्याचे साधन न राहता हाताने वाजविण्याचे वाद्य झाले. त्याबरोबर कंपाचा प्रश्न तिपदरी झाला. पहिला पदर ध्वनिक्षेपकाचा. शेजारी प्रचंड ध्वनिक्षेपक उभे असताना त्यांचा खर्ज हवेतून व जमिनीतून सुईकडे परत येतो, पुन्हा वाढविला जातो, आणि ही फेरी एका मर्यादेपलीकडे गेली की संगीत बुडवून टाकणारा घुमारा उठतो. हा कंप बहुधा दर सेकंदास ४० ते १०० आवर्तनांचा असतो. मृदू आधार त्याला उत्तम प्रकारे अडवू शकतो.

दुसरा पदर नाचणाऱ्यांच्या पावलांचा. डिस्को संगीताची गती मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला दोन ठोक्यांची. समुदाय एका तालावर उड्या मारू लागला की लाकडी तक्तपोशीला सेकंदाला २ या प्रमाणात धक्के बसतात, आणि त्यांच्या पटीतील ४ व ६ आवर्तनांचे कंपही सोबत येतात. घरगुती यंत्रांच्या स्प्रिंगांची स्वाभाविक कंपनसंख्या नेमकी याच पट्ट्यात पडते. म्हणजे जी रचना ध्वनिक्षेपकाच्या कंपावर रामबाण ठरावी, तीच पावलांच्या कंपाला साथ देऊन सुई खाचेबाहेर उडविते.

तिसरा पदर खुद्द कलावंताच्या हाताचा. तरंगत्या पट्टीवरील थाळीला झटका दिला की पट्टी डोलू लागते. केवळ दोन गाणी जोडणाऱ्याला हे एक वेळ चालण्यासारखे होते. लॅरी लेव्हॅनने पॅराडाइझ गॅराजमध्ये (१९७७-८७) थॉरेन्सची यंत्रे वापरली ती याचमुळे शक्य झाली. तबकडी घासणाऱ्याला मात्र डोलणारे यंत्र निरुपयोगी होते. श्रोत्यासाठी जो गुण, तोच वादकासाठी दोष ठरला.

५

कारखान्याने यावर दिलेले उत्तर सुपरिचित आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांनी मोटारीच्या अक्षावरच थाळी बसविण्याची रचना विकसित केली. ती प्रथम १९७० च्या टेक्निक्स एसपी-१० या यंत्रात आली आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० मध्ये. मोटार थाळीइतक्याच मंदगतीने फिरत असल्यामुळे तिचा मूळ कंप श्राव्य मर्यादेच्या खाली राहिला. हे यंत्र घरगुती श्रोत्यासाठी योजलेले होते. डीजेंनी ते आपलेसे केले. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत गती बदलण्यासाठी सरकता दांडा आला, आणि शरीर दुपदरी झाले : वर ओतीव अॅल्युमिनियम, खाली जड रबरी द्रव्य. सुमारे १२ किलो वजनाच्या या यंत्रात व्हिल्चर यांच्या पद्धतीची तरंगती पट्टी नाही. स्वतःचा अनुनाद शोषून घेणारे घट्ट शरीर आणि लवचीक पाय एवढ्यावरच त्याची भिस्त आहे. हाताचा प्रश्न सुटला. ध्वनिक्षेपकाचा अंशतः सुटला. पावलांचा जेथल्या तेथे राहिला.

उरलेले काम यंत्राखाली झाले. डीजे आणि नृत्यगृहांचे ध्वनितज्ज्ञ यांनी वापरलेल्या वस्तू अगदी सामान्य होत्या : पदपथावरच्या काँक्रीटच्या फरश्या, वाळूची पोती, विटा, फोमचे तुकडे, अर्धे कापलेले रबरी चेंडू, हवा भरलेल्या ट्यूब. याला हाताशी येईल ती डागडुजी मानण्याचा मोह होतो. परंतु गणित केले असता तिच्यातील तर्कशुद्धता स्पष्ट होते. ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीची आणि ५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी सुमारे २४ किलो भरते. १२ किलोचे यंत्र तिच्यावर ठेवले की एकूण वस्तुमान तिप्पट होते. त्यामुळे स्वाभाविक कंपनसंख्या तीच राखूनही खालचा आधार तिप्पट ताठ घेता येतो, आणि हाताच्या त्याच रेट्याने यंत्र एकतृतीयांशच सरकते. वजनाचे उत्तर आणि मृदू आधाराचे उत्तर घरगुती परंपरेत परस्परविरोधी पक्ष होऊन बसले होते. येथे त्यांचा समन्वय झाला. मृदुता यंत्राच्या पोटातून काढून पायाखाली नेणे आणि मध्ये वजन घालणे, हा त्या समन्वयाचा गाभा होय.

पावलांच्या प्रश्नाला मात्र फरशी व फोम पुरे पडत नाहीत. इतक्या मंद कंपाला अडविण्यासाठी फार मऊ स्प्रिंग लागेल आणि तिच्यावर हात चालणार नाही. येथे एकच मार्ग उरतो : यंत्राचा आधार नाचाच्या तक्तपोशीपासून तोडणे. यासाठी मंच भिंतीतून काढणे, जमिनीपासून स्वतंत्र खांब उभारणे किंवा तबक छताला टांगणे असे उपाय योजले गेले. टांगलेले तबक आडव्या दिशेने लंबकासारखे वागते. दोरी एक मीटरची असेल तर त्याचा एक झोका सुमारे दोन सेकंदांचा होतो. ते तक्तपोशीच्या हादऱ्यातून सुटते, पण हाताच्या रेट्याने झुलते. म्हणून मिश्रण करणाऱ्यालाच ते सोयीचे, घासणाऱ्याला नव्हे. सारांश, कोणते वादन आणि कोणती इमारत यांवर उत्तर अवलंबून होते, आणि म्हणूनच ते कारखान्यात अगोदर बनवून ठेवता येण्यासारखे नव्हते.

६

२००१ पासून खाचेत संगीताऐवजी कालदर्शक संकेत असलेल्या तबकड्या व त्यांवर चालणाऱ्या संगणकप्रणाली बाजारात आल्या. त्यांत सुईत शिरलेला खर्ज ध्वनिक्षेपकाकडे जात नाही, त्यामुळे घुमाऱ्याचे भय बव्हंशी ओसरले; सुई उडण्याचे राहिले. एसएल-१२०० मालिकेचे उत्पादन २०१० मध्ये थांबले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे यंत्राची परंपरा सुरक्षित आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयानेही २००६ मध्ये हिपहॉपविषयक वस्तू जमविण्याचा उपक्रम जाहीर केला.

परंतु संग्रहालयात यंत्र येते. त्याखालची फरशी येत नाही. नृत्यगृह बंद झाले की यंत्रे विकली जातात, आणि वाळूची पोती व काँक्रीट राडारोड्याबरोबर टाकून दिले जाते. उद्याच्या अभ्यासकापुढे केवळ यंत्र राहिले, तर कंपावर मात करण्याचे सर्व श्रेय तो ओसाका येथील अभियंत्यांना देईल, आणि तो निष्कर्ष उपलब्ध साधनांशी सुसंगत असूनही चुकीचा असेल. ज्यांनी इमारत, वादन आणि यंत्र यांचा मेळ घातला त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या कृतीला शोध म्हटले नाही, आणि पेटंटाच्या दप्तरात तिला जागाही नव्हती.

हा प्रश्न एका शहरापुरता वा एका यंत्रापुरता नाही. आपल्याकडील पिठाची गिरणी कारखान्यातून येते. तिचा पाया गावचा गवंडी घालतो, आणि गिरणी हादरते की स्थिर चालते हे पुष्कळ अंशी त्या पायावर ठरते. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यंत्राची नोंद करताना त्याच्या आधाराचीही मापे घ्यावीत : आधार कशाचा होता, त्याचे वजन किती, तो कोणत्या जमिनीवर टेकला होता. जुनी छायाचित्रे, इमारतींचे नकाशे आणि अद्याप हयात असलेल्या वादकांच्या व कारागिरांच्या मुलाखती ही त्यासाठीची साधने होत. यांपैकी शेवटचे साधन काळाच्या हाती आहे, म्हणून त्याचा विचार प्रथम झाला पाहिजे.