वचन आणि कायदा : कॅलिफोर्नियातील विजेच्या मोटारीचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाने कोणाच्या अंतःकरणात शिरण्याचा हव्यास धरू नये. माणसाच्या मनात काय होते हे सांगणे कठीण. पण तो केव्हा काय बोलला आणि केव्हा काय करता झाला, या दोन गोष्टी तारीखवार शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे बराचसा उलगडा होतो. विजेच्या मोटारींविषयी मोठ्या कारखानदारांना खरी कळकळ आहे काय, हा प्रश्न आम्ही याच रीतीने तपासणार आहोत. आणि त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याकडे वळणार आहोत. कारण या संशयाचे मूळ बहुतांशी तेथेच रुजले.

लॉस एंजेलिस हे शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशात वसलेले आहे. मोटारींचा धूर तेथे कोंडतो आणि उन्हात त्याचे विषारी धुके बनते. जानेवारी १९९० मध्ये याच शहरातील प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने ‘इंपॅक्ट’ नावाची विजेची गाडी मांडली, आणि एप्रिलमध्ये कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी ती बाजारात आणण्याचा मनोदय जाहीर केला. सप्टेंबरमध्ये राज्याच्या हवा-मंडळाने नियम केला : सात मोठ्या कंपन्यांच्या राज्यातील विक्रीपैकी १९९८ पासून शेकडा २, २००१ पासून ५ आणि २००३ पासून १० गाड्या धूर न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. येथवर कंपनीचे वचन आणि राज्याचा कायदा हे एकाच दिशेने चाललेले दिसतात.

पुढे वाटा फुटल्या. कंपन्यांनी नियमाला विरोध मांडला आणि मार्च १९९६ मध्ये मंडळाने पहिल्या दोन पायऱ्या काढून टाकल्या. २००३ ची तेवढी राखली. बदल्यात कंपन्यांनी थोड्या गाड्या रस्त्यावर आणण्याचे कबूल केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जनरल मोटर्सची ‘ईव्ही-१’ कॅलिफोर्नियात व शेजारच्या ॲरिझोनात दाखल झाली. ती विकत मात्र कोणालाच मिळत नव्हती. मुदतीच्या भाडेकरारानेच मिळे. १९९९ मध्ये तिला अधिक चांगली बॅटरी मिळाली. सगळ्या मिळून १,११७ गाड्या बनल्या. २००२ मध्ये कंपन्या मंडळाविरुद्ध न्यायालयात गेल्या, जूनमध्ये नियमाला तात्पुरती मनाई मिळाली, आणि एप्रिल २००३ मध्ये मंडळाने नियम पुष्कळच सैल केला. त्याच वर्षी कंपनीने गाड्या परत बोलावण्यास सुरुवात केली. ज्यांनी पैसे मोजून गाडी ठेवून घेऊ म्हटले, त्यांनाही नकार मिळाला. २००५ मध्ये बरबँक येथे कंपनीच्या आवाराबाहेर लोकांनी दिवसरात्र पहारा केला. तरी गाड्या उचलून नेण्यात आल्या. बहुतेक चिरडल्या गेल्या; थोड्या, चालू शकणार नाहीत अशा करून, संग्रहालयांना व विद्यापीठांना दिल्या गेल्या. गरज सरो, वैद्य मरो, ही आपली म्हण येथे कोणाला आठवली तर नवल नाही.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. या उद्योगात सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाले, गाडी घेणारे थोडे निघाले, सुटे भाग पुढे मिळणार नाहीत, असे तिचे म्हणणे होते. बॅटरी त्या काळी जड व महाग होती, हेही खरे. परंतु जी वस्तू कधी विकायलाच काढली नाही, तिला गिऱ्हाईक नव्हते असा निर्णय कशाच्या आधारे द्यावा? टोयोटाने आपल्या काही विजेच्या गाड्या लोकांना विकल्या आणि त्या पुढे वर्षानुवर्षे धावत राहिल्या. २००६ मध्ये तर जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांनीच ‘ईव्ही-१’ बंद करणे हा आपल्या कारकिर्दीतील सर्वांत वाईट निर्णय ठरला, असे कबूल केले.

तरीही चाल बदलली असे म्हणवत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, मोटारींच्या धुराविषयी स्वतःचे नियम करण्याचा कॅलिफोर्नियाचा अधिकार केंद्र सरकार काढून घेऊ पाहत असता, ही कंपनी केंद्राच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणुकीचा निकाल फिरताच तिने माघार घेतली. जानेवारी २०२१ मध्ये, २०३५ पर्यंत आपल्या सर्व नव्या लहान गाड्या बिनधुराच्या करण्याची आकांक्षा तिने जाहीर केली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी खरेदीदारांना मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत संपली. पंधरवड्याच्या आतच विजेच्या गाड्यांचा बेत आखडता घेतल्यापोटी १६० कोटी डॉलरचा भार कंपनीने आपल्या हिशेबात दाखविला.

या तारखांवरून आम्ही कोणाला दुष्ट ठरवीत नाही. ज्या कारखान्याची यंत्रे, कामगारांचे कौशल्य आणि नफा हे सारे पेट्रोलच्या इंजिनाभोवती उभे आहे, तो ते इंजिन आपखुशीने मोडीत काढील ही अपेक्षाच चुकीची आहे. २००८ मध्ये टेस्लाची पहिली गाडी गिऱ्हाइकांच्या हाती पडली, तेव्हा त्या नव्या कंपनीपाशी गमावण्यासारखे पेट्रोलचे इंजिन नव्हते, हा फरक मोठा आहे. दोषाचा वाटा हवा-मंडळाकडेही जातो. सहा वर्षांच्या आत स्वतःचा नियम वाकविणाऱ्या सत्तेने पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत स्वतःचेच वजन कमी करून घेतले.

म्हणून कारखानदारांवर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नापेक्षा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो : वचन देणाऱ्याला ते मागे घेण्याची मोकळीक कोणी ठेवली? कॅलिफोर्नियात ती कायद्याने ठेवली, आणि तिचा भुर्दंड त्या धुक्यात श्वास घेणाऱ्यांनी भरला. धुराचे असे नियम करणाऱ्या कोणत्याही राज्याने हा जमाखर्च आधी वाचावा.