डब्लिनच्या उपसागरातील सूर्यास्त : एडविन हेज यांचे एक चित्र

डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात ‘स्थलांतरितांचे जहाज, डब्लिनचा उपसागर, सूर्यास्त’ या नावाचे एक तैलचित्र आहे. सागरचित्रांसाठी ख्यातनाम असलेले चित्रकार एडविन हेज यांनी ते १८५३ साली रंगविले. मायभूमीचा निरोप घेणाऱ्या आयरिश जनतेची स्मृती जपणाऱ्या कलाकृतींमध्ये या चित्राला मानाचे स्थान आहे.

चित्रकार

हेज यांचा जन्म १८१९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदरात झाला. मात्र त्यांचे बालपण व कलाशिक्षण डब्लिनमध्ये झाले. समुद्र जवळून पाहता यावा म्हणून तरुणपणी त्यांनी अटलांटिक पार करणाऱ्या एका जहाजावर हरकाम्याची नोकरी पत्करली होती. १८५२ साली ते डब्लिन सोडून लंडनला स्थायिक झाले. म्हणजे हे चित्र पूर्ण झाले तेव्हा त्यांनी स्वतःही आयर्लंडचा किनारा मागे टाकला होता. १९०४ साली त्यांचे निधन झाले.

पार्श्वभूमी

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला. गोरगरीब कुळांचे सारे जीवन या एकाच पिकावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत पीक वारंवार नासले, मात्र देशातून धान्य व गुरे यांची निर्यात चालूच राहिली. खंड न भरू शकलेल्या हजारो कुटुंबांना जमीनदारांनी घराबाहेर काढले. भूक व साथीचे रोग यांनी सुमारे १० लाख माणसे दगावली. १८४५ ते १८५५ या दशकात सुमारे २० लाख लोकांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली.

२५ मार्च १८४७ रोजी पोपमहोदय नववे पायस यांनी परिपत्रक काढून जगभरातील श्रद्धावंतांना आयर्लंडसाठी प्रार्थना व दानधर्म करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी कॅनडाला निघालेल्या जहाजांवर टायफस ज्वराने थैमान घातले. क्वेबेकजवळील ग्रोस ईल या बेटावर पाच हजारांहून अधिक जणांना मूठमाती देण्यात आली. टोरांटोचे पहिले बिशप मायकल पॉवर हे आजारी स्थलांतरितांची सेवा करताना स्वतः त्या ज्वराला बळी पडले.

चित्राचा आशय

इतके भीषण वास्तव मागे असतानाही हेज यांच्या चित्रात आक्रोश नाही. सायंकाळच्या सोनेरी प्रकाशात न्हालेले आकाश, पाण्यावर उभे असलेले उंच डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज आणि प्रवाशांना त्याच्यापर्यंत पोहोचविणारी वल्ह्यांची होडी, एवढेच दृश्य आपल्यासमोर येते. माणसांच्या आकृती लहान आहेत. अफाट आकाश आणि समुद्र यांच्यापुढे त्यांचे लहानपणच त्यांच्या असहायतेची जाणीव करून देते.

चित्राच्या नावातील ‘सूर्यास्त’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. डब्लिन हे आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले असून तेथील उपसागर पूर्वेकडे खुला होतो. त्यामुळे जहाजावरून मागे वळून पाहणाऱ्याला सूर्य मावळताना दिसतो तो नुकत्याच सोडलेल्या भूमीच्या मागे. अमेरिकाही पश्चिमेलाच आहे. परंतु तिकडे जाण्यासाठी जहाजाला आधी किनाऱ्यापासून दूर पूर्वेला जाऊन, बेटाला वळसा घालून मग अटलांटिक गाठावा लागे. अशा प्रकारे मागे राहिलेले घर आणि पुढे असलेली आशा ही दोन्ही त्या सायंकाळी एकाच दिशेला होती.

त्या काळी शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडण्यास साधारणतः सहा आठवडे लागत. गेलेला माणूस परत येणे दुर्मिळच. म्हणूनच आयर्लंडच्या ग्रामीण भागात प्रस्थानाच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी जमून, मृताच्या शेजारी करावे तसे जागरण करीत. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. त्या रात्री गाणी होत, नृत्य होई आणि पहाट होताच रडू कोसळे. जाणारा जिवंत असे, तरी आईवडिलांच्या दृष्टीने ती कायमची ताटातूट असे.

हेज यांनी चित्रासाठी निवडलेला क्षण या जागरणानंतरचा आहे. घरचा निरोप घेऊन झाला आहे, प्रवास अजून सुरू व्हायचा आहे. होडीतील कोण पैलतीराला सुखरूप लागले, कोणाला समुद्रातच जलसमाधी मिळाली, हे चित्र सांगत नाही. किनारा आणि जहाज यांच्यामधले ते थोडेसे पाणी मात्र ते आपल्याला दाखविते. अनेकांसाठी मायभूमीचे तेवढेच शेवटचे दर्शन होते.