फळी वाकवणारा विस्तव

थंड प्रदेशातील सुतारापुढे हिवाळ्यात एक पेच असतो. कारखाना गरम केला नाही, तर बोटे आखडतात आणि सरस गोठतो. गरम करावा, तर शेगडीच्या भोवती भुसा आणि ढलप्या पसरलेल्या. रायगडच्या किनाऱ्यावर हा पेच कशाला पडेल, असे आपल्याला वाटते. अलिबाग-रेवदंड्याला जानेवारीतही पारा दहा अंशांखाली क्वचितच उतरतो. तरीही येथील लाकूडकामात विस्तवाला फार जुने स्थान आहे. येथे ऊब हवी असते ती फळीला.

होडीची कूस गोलाकार असते आणि सागाची फळी सरळ. ती वाकवण्यासाठी कारागीर तिला पाणी पाजतात आणि खालून शेकतात. लाकडातील सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरलेले असतात. ओलसर लिग्निन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, तंतू थोडे सरकतात, आणि फळी थंड झाली की नवा आकार बऱ्याच अंशी टिकतो. फळी ओली आहे तोवर तिचे तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपले की तापमान चढते आणि अडीचशे-तीनशे अंशांच्या सुमारास लाकूड पेटू शकते. म्हणजे कारागिराच्या हातातील पाण्याचे भांडे दुहेरी काम करते: फळी मऊ ठेवते आणि तिला जळूही देत नाही.

सतराव्या-अठराव्या शतकांत या किनाऱ्यावर मराठी आरमार वाढले. कुलाबा हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे, कोणती झाडे राखावीत, याबद्दल तपशीलवार सूचना आहेत. आगीविषयीची जागरूकताही त्या काळात दिसते. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री जळती वात उंदीर पळवून नेईल, असे संभव त्यात एकेक करून मोजले आहेत. अपघात होण्याआधीच त्याच्या वाटा शोधण्याची ही पद्धत आजच्या सुरक्षाशास्त्राला अगदी जवळची आहे.

गवताच्या जागी भुसा ठेवून पाहू. एक सेंटिमीटर बाजूच्या लाकडी घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. लाकूड तेवढेच, पण हवेशी संपर्क दहापट. म्हणून जाड ओंडका सहजी पेटत नाही आणि रंध्याखालच्या पातळ ढलपीला एक ठिणगी पुरते.

ज्वाला निदान डोळ्यांना दिसते. दुसरा धोका दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनमधून हा वायू ऑक्सिजनला हटवतो, हे फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये मांडले. ब्रिटनमधील जे. एस. हाल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक आहे. धूर न करणारा लाल निखारा आपल्याला निरुपद्रवी वाटतो; बंद खोलीत तोच सर्वांत घातक ठरतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

तिसरा धोका तेलकट चिंधीचा. होडीच्या सांध्यांत कापूस व राळ भरतात आणि लाकडाला मासळीचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. फर्निचरला जवसाचे तेल चोळतात. या तेलांच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतील ऑक्सिजन त्यांच्याशी जुळतो आणि उष्णता बाहेर पडते. चिंधी पसरलेली असली, तर ही उष्णता निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आतच साठते आणि ठिणगीशिवायही चिंधी पेटू शकते. दुहेरी बंध फार कमी असलेल्या खोबरेल तेलाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. कापसाची आग आतल्या आत किती धुमसते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. गोदीतील ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी धूर दिसला, आगीचे मूळ ठिकाण सापडेना, आणि चारनंतर झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे गेली. हा दिवस आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ. होडी उघड्यावर, वाळूत किंवा माडांच्या सावलीत बांधली जाते. वायू वाऱ्याबरोबर जातो, उष्णता साठत नाही, वाळू आणि पाणी हाताशी असते. जुन्या कारागिराच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग त्याच्या सवयीत होता आणि निम्मा त्या मोकळ्या जागेत. तेच काम पत्र्याच्या बंद शेडमध्ये नेले, की सवयी बरोबर येतात, पण वारा बाहेरच राहतो. हे ध्यानात न घेता ‘आम्ही पिढ्यान् पिढ्या असेच करतो’ म्हणणे जिवावर बेतू शकते.

वर्गात एवढे करून पाहावे. बांबूची एक पातळ कांब कोरडी आणि तशीच दुसरी उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवलेली घ्यावी (ती चिमट्याने काढावी) आणि दोन्ही वाकवून पाहाव्यात. नंतर विद्यार्थ्यांना जवळच्या सुताराच्या कारखान्यात नेऊन तीन प्रश्न विचारायला सांगावेत: भुसा विस्तवापासून किती दूर आहे? हवा कोठून येते आणि कोठून जाते? संध्याकाळी तेलकट चिंध्यांचे काय करता? तिसऱ्या प्रश्नावर कारागीर थबकला, तर चिंध्या बाहेर एकेक करून पसरून वाळवायच्या, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, एवढे त्याला विद्यार्थ्यांनीच सांगावे.