पळस आणि गुलमोहर : नाव एक, गाव दुसरे

पळसाचे शास्त्रीय नाव ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’. यातला ‘ब्यूटिया’ हा शब्द जॉन स्टुअर्ट, अर्ल ऑफ ब्यूट यांच्या नावावरून आला. १७६२-६३ मध्ये ते ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि वनस्पतिशास्त्राचे आश्रयदातेही. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते. याउलट ‘गुलमोहर’ हे नाव किती ओळखीचे! पण हा वृक्ष मूळचा मादागास्करचा. बोजर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथे आढळला आणि १८२९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

म्हणजे देशी झाडाला परके नाव आणि परक्या झाडाला घरचे! मग झाड मूळचे कुठले, हे आपण कसे ठरवायचे?

पहिली साक्ष भाषेची. पलाश, किंशुक ही पळसाची संस्कृत नावे प्राचीन आहेत. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात. १७५७ ची लढाई झाली त्या प्लासीचे मूळ नाव पलाशी. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तर पानाचे अचूक वर्णनच करते. गुलमोहराला असे जुने नाव नाही. अर्थात, केवळ उल्लेख नाही म्हणून झाड नव्हते असे म्हणता येत नाही. एखादे किरकोळ झुडूप नजरेतून सुटू शकते. पण ऐन उन्हाळ्यात लालभडक होणारा वृक्ष सगळ्याच कवींच्या नजरेतून कसा सुटेल?

दुसरी साक्ष रानाची. पळस माळावर आणि डोंगरउतारावर आपोआप उगवतो. गुलमोहर दिसतो तो रस्त्याकडेला, बागेत, शाळेच्या आवारात. म्हणजे माणसाने लावला तिथे. दोन्ही साक्षी जुळल्या की निष्कर्ष पक्का होतो.

गंमत म्हणजे दोघे एकाच शिंबी कुळातले. मुलांना दोन्ही फुले उघडून पाहू द्या. दोन्हींत पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. पण पळसाचे नऊ पुंकेसर जोडलेले असतात आणि एक सुटा. गुलमोहराचे दहाही सुटे. गुलमोहराची एक पाकळी पांढरट, ठिपकेदार. पळसाच्या खालच्या पाकळ्यांची पोपटाच्या चोचीसारखी होडी.

परका म्हणून गुलमोहर तोडायचे कारण नाही. त्याची सावली आपल्याला हवीच आहे. पण पळसाच्या फुलांतला मध पक्ष्यांना मिळतो, फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात, पानांच्या पत्रावळी होतात. यंदा शाळेत झाडे लावताना गुलमोहराच्या शेजारी एक पळसही लावू या.