पिटकेर्न बेटावरील स्थानिक निवडणुका : मताधिकार व त्याच्या मर्यादा

दक्षिण प्रशांत महासागरातील पिटकेर्न बेटावर १७९० मध्ये ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरील बंडखोर खलाशी आणि त्यांच्यासमवेत आलेले पॉलिनेशियन स्त्री-पुरुष स्थायिक झाले. १८३८ मध्ये ब्रिटिश नौदलातील कॅप्टन रसेल इलियट यांनी बेटाला संक्षिप्त राज्यघटना दिली. तीनुसार बेटाचा प्रमुख असलेल्या दंडाधिकाऱ्याची दरवर्षी निवडणूक होऊ लागली व अठरा वर्षांवरील स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाला. ब्रिटनमधील स्त्रियांना संसदीय मताधिकार १९१८ मध्ये, तोही अंशतः, मिळाला. यावरून या तरतुदीचे महत्त्व स्पष्ट होते.

तथापि, मताधिकारातून स्त्रियांना संरक्षण लाभलेच असे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पन्नास लोकवस्तीच्या या बेटावर मतदार, उमेदवार आणि पदाधिकारी बहुतांशी परस्परांचे आप्तच होते. २००४ मधील लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांत सहा पुरुष दोषी ठरले. त्यांत तत्कालीन निर्वाचित महापौरांचाही समावेश होता. तपासासाठी पोलीस आणि निवाड्यासाठी न्यायाधीश बाहेरून आणावे लागले.

२०१९ मध्ये शार्लीन वॉरेन-प्यू या महापौरपदी निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. मताधिकार आणि हे पद यांत १८१ वर्षांचे अंतर आहे. सत्ताधाऱ्यास जाब विचारणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल, तर केवळ मतपेटीने स्थानिक लोकशाही पूर्णत्वास जात नाही, असाच निष्कर्ष या इतिहासातून निघतो.